मे महिन्यात एक, नोव्हेंबरमध्ये दोन: मालेगावच्या १६२ मतांचा हिशोब

महाराष्ट्रात निवडणूक जवळ आली की टीव्हीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मुस्लिम मतं एकगठ्ठा पडतात." आणि निकाल लागला की आपल्याच मोहल्ल्यातल्या चहाच्या हॉटेलात बरोबर उलटं वाक्य ऐकू येतं, "आपली कौम कधी एक होणारच नाही." दोन्ही वाक्यं इतक्या ठामपणे बोलली जातात की कोणी आकडे उघडून बघत नाही.

आकडे बघायचे असतील तर मालेगाव मध्य या मतदारसंघाइतकं चांगलं उदाहरण सापडणार नाही. २०२४ मध्ये सहा महिन्यांच्या अंतराने तिथे दोनदा मतदान झालं. शहर तेच, मोहल्ले तेच, मतदारही बहुतेक तेच. निकाल मात्र असे की जणू दोन वेगळ्या शहरांनी मत दिलं.

मे २०२४: एका बाजूला पावणेदोन लाखांहून जास्त

मालेगाव मध्य हा धुळे लोकसभा मतदारसंघाच्या सहा विधानसभा क्षेत्रांपैकी एक. बाकीची पाच म्हणजे धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, मालेगाव बाह्य आणि बागलाण. २० मे २०२४ रोजी मतदान झालं. काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव आणि भाजपचे तेव्हाचे खासदार डॉ. सुभाष भामरे यांच्यात सरळ लढत होती. बाकी पाच क्षेत्रांची बेरीज केली तर भामरे पुढे होते. मालेगाव मध्यने बच्छाव यांना जवळपास १ लाख ९८ हजार मतं दिली आणि भामरेंना साडेचार हजारांच्या आसपास. शेवटी बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या.

पुढे विधानसभेच्या तोंडावर देवेंद्र फडणवीस यांनी धुळ्याचंच उदाहरण देऊन "व्होट जिहाद" हा शब्द वापरला. त्यानंतर तो शब्द प्रचारभर फिरला. मालेगावच्या यंत्रमाग कामगाराने मतदान केंद्रावर जाऊन बटण दाबलं, एवढंच घडलं होतं. लोकशाहीत ज्याला मतदान म्हणतात, त्याला नवं नाव मिळालं.

नोव्हेंबर २०२४: बरोबर मधोमध

२० नोव्हेंबरला त्याच मतदारसंघात विधानसभेचं मतदान झालं आणि २३ तारखेला निकाल लागला. एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल यांना १,०९,६५३ मतं मिळाली. माजी आमदार आसिफ शेख रशीद यांना १,०९,४९१. फरक १६२ मतांचा. अख्ख्या राज्यातल्या २८८ जागांमध्ये हा सगळ्यात कमी फरक होता.

मतदारसंघात तीनशेहून जास्त बूथ आहेत. म्हणजे एका बूथमागे फरक साधारण अर्ध्या मताचा. ८२ माणसांनी आपलं मत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेलं असतं तर आमदार बदलला असता. ८२ माणसं म्हणजे एका मोठ्या खानदानाच्या वलिम्याची एक पंगत.

समाजवादी पक्षाच्या शान-ए-हिंद आणि काँग्रेसचे एजाज बेग हेही मैदानात होते. दोघांनाही दहा हजारांच्या आतच मतं मिळाली. म्हणजे मतं चार ठिकाणी पांगली असं म्हणता येत नाही. दोन तट होते, दोन्ही जवळजवळ समसमान.

आता "एकगठ्ठा" म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं की मे महिन्यातला तो गठ्ठा नोव्हेंबरमध्ये गेला कुठे? आणि "कौम एक होत नाही" म्हणणाऱ्यांनाही विचारलं पाहिजे, मग मे महिन्यात काय झालं होतं?

एकच मतदार दोन तऱ्हेने का वागला?

कारण दोन निवडणुकांत त्याला दोन वेगळे प्रश्न विचारले गेले.

लोकसभेला प्रश्न होता दिल्लीत कोण बसावं. संविधान, नागरिकत्व, बुलडोझर, या गोष्टी घराघरात बोलल्या जात होत्या. उमेदवार कोण, कुठल्या गावची, याला फार महत्त्व नव्हतं. शिवाय मुस्लिम मतं खेचणारा तिसरा तगडा उमेदवार मैदानात नव्हता. सरळ लढतीत मतदाराला हिशोब सोपा गेला.

विधानसभेला प्रश्न बदलला. मालेगाव मध्यमध्ये कोणीही जिंकला तरी आमदार मुसलमानच होणार, हे आधीच ठरलेलं होतं. भीतीचा मुद्दा बाजूला गेला की माणूस रोजच्या गोष्टींवर मत देतो. गल्लीतली गटार, पाण्याची पाळी, लूमचं वीजबिल, पोलीस ठाण्यात कोणाच्या फोनवर काम होतं, रात्री दवाखान्यात कोण सोबत आलं, कोणत्या गटाने आपल्या मुलाला नोकरी लावली. हे सगळं मताच्या मागे असतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बारामतीत आणि साताऱ्यातही लोक असंच मत देतात. तिथे त्याला "गटातटाचं राजकारण" म्हणतात, मालेगावात त्यालाच "फूट" म्हटलं जातं.

मालेगावचे हे दोन तट २०२४ मध्ये जन्मलेले नाहीत. जुन्या लोकांना आठवत असेल, निहाल अहमद १९७८ पासून दोन दशकं इथले आमदार होते. समाजवादी विचारांचे, जनता दलाचे नेते. १९९९ मध्ये काँग्रेसचे शेख रशीद यांनी त्यांना हरवलं. २००९ मध्ये मुफ्ती इस्माईल जनसुराज्य शक्ती पक्षाकडून जिंकले. २०१४ मध्ये शेख रशीद यांचे चिरंजीव आसिफ शेख काँग्रेसकडून जिंकले, तेव्हा मुफ्तीसाहेब राष्ट्रवादीकडून उभे होते. २०१९ मध्ये मुफ्तीसाहेब एमआयएमकडून ३८,५१९ मतांनी आले. २०२४ ला आसिफ शेख यांनी स्वतःचा पक्ष काढला, "इंडियन सेक्युलर लार्जेस्ट असेंब्ली ऑफ महाराष्ट्र". समाजवादीच्या शान-ए-हिंद या निहाल अहमद यांच्याच कन्या.

ही यादी नीट बघा. पक्षाची नावं दर पाच वर्षांनी बदलली, माणसं आणि घराणी तीच राहिली. म्हणून मालेगावात मतदार पक्षाला मत देतो हे मानणं भोळेपणाचं आहे. तो गटाला मत देतो, आणि गट दर वेळी नवीन पाटी लावतो.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. एका बाजूला आलिम उमेदवार, दुसऱ्या बाजूला पक्षाचं नावच असं की इंग्रजी आद्याक्षरं जोडली की "इस्लाम" असं वाचलं जातं. दोन्हीकडून दीनचा आधार घेतला गेला. अशा वेळी साध्या मतदाराला सांगणं की अमक्याला मत दिलं तर दीनची खिदमत आणि तमक्याला दिलं तर दगाबाजी, हे कितपत बरोबर? एक लाख नऊ हजार इकडे आणि एक लाख नऊ हजार तिकडे, दोन्हीकडे नमाजी आहेत, दोन्हीकडे हाजी आहेत. निवडणुकीतला मतभेद इमानाच्या तराजूत टाकला की निकालानंतर सख्खे भाऊ एकमेकांच्या घरी ईदला जात नाहीत. मतमोजणी एका दिवसात संपते, ही कटुता मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकते.

फूट कुठे महाग पडते

मालेगाव मध्यमध्ये मतं वाटली गेली तरी समाजाचा प्रतिनिधी विधानसभेत गेलाच. पण महाराष्ट्रात असे मतदारसंघ बोटावर मोजण्याइतके आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी आपली वस्ती मिश्र आहे. तिथे हिशोब वेगळा, आणि तो प्रत्येक ठिकाणी वेगळा. तीन जागा बघू.

*औरंगाबाद पूर्व.* २०१४ आणि २०१९ ला इथे एमआयएमचे डॉ. गफ्फार कादरी भाजपच्या अतुल सावे यांच्याकडून हरले. २०२४ ला पक्षाने तिकीट माजी खासदार इम्तियाज जलील यांना दिलं. कादरी समाजवादी पक्षाकडून उभे राहिले. वंचितकडून अफसर खान होते, काँग्रेसचाही उमेदवार होता. निकालात सावे २,१६१ मतांनी जिंकले. कादरी आणि अफसर खान यांना प्रत्येकी सहा हजारांच्या आसपास मतं होती. इथे मतविभागणीने जागा गेली, असं म्हणायला जागा आहे. पण सगळा दोष मतदाराचा नाही. दहा वर्षं लढलेल्या माणसाला पक्ष सांभाळू शकला नाही, नेते एका टेबलावर बसू शकले नाहीत, आणि निकालानंतर शिव्या मात्र मतदाराला.

*अकोला पश्चिम.* ही जागा १९९५ पासून भाजपकडे होती. २०१९ ला काँग्रेसचे साजिद खान पठाण २,५९३ मतांनी हरले. २०२४ ला तेच उमेदवार १,२८३ मतांनी जिंकले. काय बदललं? या वेळी फूट दुसऱ्या बाजूला पडली. भाजपचे बंडखोर हरीश आलिमचंदानी यांनी वीस हजारांहून जास्त मतं घेतली. म्हणजे मतं फक्त मुसलमानांचीच फुटतात हा समज चुकीचा आहे. मतं सगळ्यांची फुटतात. आणि एकदा थोडक्यात हरलेला उमेदवार पाच वर्षं लोकांत टिकून राहिला, तर संधी आली की तोच जिंकतो.

*भिवंडी पश्चिम.* ही जागा सगळ्यात जास्त शिकवणारी आहे. २०१९ ला भाजपचे महेश चौघुले सुमारे ५९ हजार मतांवर निवडून आले. दुसऱ्या नंबरचे अपक्ष खालिद गुड्डू यांना सुमारे ४४ हजार, काँग्रेसचे शोएब गुड्डू यांना सुमारे २८ हजार. ही दोन मतं एकत्र केली तर बेरीज ७२ हजार, म्हणजे विजयी उमेदवारापेक्षा जास्त. त्या वेळी "मतं फुटली" हे कारण बरोबर होतं.

पण २०२४ बघा. चौघुले यांना सुमारे ७० हजार मतं मिळाली, समाजवादीचे रियाज आझमी यांना सुमारे ३९ हजार, एमआयएमचे वारिस पठाण यांना सुमारे १६ हजार. आता बेरीज करा, ५५ हजार. ७० हजारांना गाठत नाही. तरी निकालाच्या दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यात तेच जुनं वाक्य होतं, "मतं फुटली." या वेळी ते अर्धंच खरं होतं. पाच वर्षांत समोरच्याने आपली मतं अकरा हजारांनी वाढवली, आणि आपण मात्र वारिस आणि रियाज यांच्या समर्थकांतली भांडणं मोजत बसलो.

यातून एक सवय लावून घ्यायला हवी. निकाल लागला की कोणाला "वोट कटवा" म्हणण्याआधी बेरीज करून बघा. कधी फुटीने जागा जाते, कधी बंडखोरीने मिळते, आणि कधी फूट नसती तरी गेलीच असती. प्रत्येक वेळी औषध वेगळं असतं.

जे मत पडलंच नाही

मालेगावच्या १६२ मतांकडे परत येऊ. आसिफ शेख का हरले, मुफ्तीसाहेबांची २०१९ ची १,१७,२४२ मतं कमी होऊन १,०९,६५३ का झाली, यावर तासन्‌तास चर्चा झाली. पण ज्यांनी मत दिलंच नाही, त्यांच्यावर चर्चा झाली नाही. त्या दिवशी राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झालं. मालेगाव मध्यमध्ये इतकी चुरस असूनही दहापैकी साधारण तीन जण बूथपर्यंत पोहोचले नाहीत. १६२ च्या फरकापुढे हा आकडा कित्येक पटींनी मोठा आहे.

हे सगळे आळशी नाहीत. कारणं घराघरात ओळखीची आहेत.

पहिलं कारण स्थलांतर. लूम बंद पडला की पोरगा भिवंडी, सुरत, मुंबई गाठतो. नाव गावच्या यादीत राहतं. सुट्टी मिळाली तरी एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून कोण येणार?

दुसरं, लग्न झालेल्या मुली. निकाह होऊन पाच-सात वर्षं झाली, दोन मुलं झाली, तरी नाव माहेरच्या यादीत. माहेर दुसऱ्या शहरात. मग ना इथे मत, ना तिथे.

तिसरं, नावाचं स्पेलिंग. आपली नावं उर्दू-अरबी, यादी मराठीत, टायपिंग इंग्रजीतून झालेलं. शेखचं शेक, फातिमाचं फातेमा, खातूनचं खतुन. आधारवर एक, यादीत दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. मतदानाच्या दिवशी एजंट हरकत घेतो आणि म्हातारी आजी हुज्जत न घालता परत येते.

चौथं, बूथ बदलणं. दर वेळी ज्या शाळेत जायचो तिथे नाव नाही, दुसऱ्या टोकाच्या शाळेत आहे. उन्हात दोन बूथ फिरल्यावर तिसऱ्या बूथवर कोणी जात नाही.

पाचवं कारण आपल्यालाच खटकेल. ज्या घरात दोन गट आहेत तिथे घरातली शांतता टिकावी म्हणून अम्मी-दादी मत द्यायलाच जात नाहीत. "इसको दिया तो वो नाराज, उसको दिया तो ये." गटाचं भांडण त्यांच्या मताला गिळून टाकतं. मत गुप्त असतं, हे घरातल्या पुरुषांनी आधी स्वतःला समजवावं.

यादीचा प्रश्न आता जास्त गंभीर आहे

पूर्वी नाव चुकलं तर पुढच्या वेळी बघू असं म्हणून चालायचं. आता तसं राहिलेलं नाही. २०२५ मध्ये बिहारात निवडणूक आयोगाने मतदार यादीची विशेष सखोल पडताळणी केली. मसुदा यादीतून जवळपास ६५ लाख नावं कमी झाली. सुप्रीम कोर्टाने ऑगस्टमध्ये आदेश दिल्यावर ती नावं कारणांसह जाहीर करावी लागली. त्यानंतर ही मोहीम दुसऱ्या टप्प्यात आणखी बारा राज्यं व केंद्रशासित प्रदेशांत नेली गेली. कोणाची नावं का गेली, यावर वाद चालू राहतील. पण एक धडा सगळ्यांसाठी आहे. ज्याचे कागद एकमेकांशी जुळतात त्याला त्रास कमी, ज्याचे जुळत नाहीत त्याची धावपळ जास्त.

म्हणून निवडणुकीची वाट न बघता चार कामं आत्ताच करता येतील.

घरातल्या प्रत्येकाचं नाव यादीत आहे का ते बघा. निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर किंवा मोबाइल ॲपवर दोन मिनिटांत कळतं. नाव नसेल, किंवा मूल अठरा वर्षांचं झालं असेल, तर नमुना ६ भरा. नाव, वय, पत्ता चुकीचा असेल किंवा सासरी नाव आणायचं असेल तर नमुना ८. वारलेल्या माणसाचं नाव काढायला नमुना ७. आणि आपल्या भागाचा बीएलओ कोण हे माहीत करून घ्या. बहुतेक वेळा तो शाळेचा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असते, परका माणूस नसतो.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. प्रत्येक विधानसभा निवडणुकीनंतर बूथवार निकाल जाहीर होतो, त्याला फॉर्म २० म्हणतात. आपल्या बूथवर कोणाला किती मतं पडली, हे त्यात आकड्यांत असतं. आपल्या मोहल्ल्यात साधारण हजार-बाराशे मतदारांपैकी किती जण आले हे बघितलं की अफवा बंद होतात. "अमक्या गल्लीने गद्दारी केली" असं म्हणणाऱ्यासमोर कागद ठेवता येतो.

महापालिकेने दाखवलेलं चित्र

१५ जानेवारी २०२६ ला मालेगावसह राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान झालं. मालेगावात २१ प्रभाग, प्रत्येकी चार नगरसेवक, एकूण ८४ जागा. आसिफ शेख यांच्या पक्षाला ३५, एमआयएमला २१, शिवसेनेला १८ जागा मिळाल्या. विधानसभेला १६२ मतांनी मागे राहिलेला गट चौदा महिन्यांत पुढे गेला. पण बहुमताचा ४३ चा आकडा कोणालाही गाठता आला नाही.

याचा अर्थ मतदाराने पुन्हा एकदा स्वतःचं डोकं वापरलं. लोकसभेला एक, विधानसभेला दुसरं, महापालिकेला तिसरं. त्याने कोणालाच कोरा चेक दिला नाही. जिंकलेल्यांना एकमेकांशी बोलल्याशिवाय शहर चालवता येणार नाही, अशी रचना त्याने करून ठेवली आहे. प्रचारात एकमेकांवर केलेले आरोप विसरून पाणी, रस्ते, गटार यावर दोन गट एकत्र बसतात की नाही, हे आता मालेगाव बघणार आहे.

महाराष्ट्रात मुसलमान लोकसंख्या २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेअकरा टक्के आहे. २८८ च्या सभागृहात मुस्लिम आमदार दहा आहेत, २०१९ लाही दहाच होते. २०२४ च्या लोकसभेत राज्याच्या ४८ जागांवरून एकही मुस्लिम खासदार गेला नाही, कारण मोठ्या आघाड्यांनी उमेदवारीच जवळजवळ दिली नाही. हा प्रश्न पक्षांना विचारायलाच हवा. पण जो समाज आपल्या याद्या नीट ठेवतो आणि ज्याच्या मोहल्ल्यातली म्हातारी आजीही मत देऊन येते, त्याचा प्रश्न पक्ष जास्त लक्ष देऊन ऐकतात.

तेव्हा मुफ्तीसाहेबांना मत दिलेल्या भावाने आणि शेखसाहेबांना मत दिलेल्या भावाने या जुम्म्याला नमाजनंतर पाच मिनिटं एकत्र बसावं. राजकारणाचा विषय नको. फक्त घरातल्या सगळ्यांची नावं यादीत शोधावीत, आणि माहेरच्या यादीत अडकलेल्या बहिणीचा नमुना ८ भरून द्यावा. ती मत कोणाला देणार, हे तिलाच ठरवू द्यावं.